खालचा आकडा विचारा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दहावी-बारावीचे निकाल लागले की हल्ली बऱ्याच घरांतून एक मागणी पुढे येते. पूर्वी ती सायकलची असायची, मग मोबाइलची झाली. आता मुलं म्हणतात, "गेमिंग मॉनिटर हवा." आईवडिलांनी नुसतं 'बघू' म्हटलेलं असतं. पण एखाद्या रविवारी खरोखरच बघायला जावं लागतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, नाहीतर तालुक्याच्या गावी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. तिथे दुकानदार विचारतो, "एकशे चव्वेचाळीसचा दाखवू, एकशे ऐंशीचा, की दोनशे चाळीसचा?" मुलगा सर्वांत मोठ्या आकड्याकडे बोट दाखवतो, आकड्यामागून किंमत चढत जाते, आणि पैसे देणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही की आपण नेमकं कशाचं बिल भरतोय.

हे बिल काही हजारांचं, कधी पन्नास हजारांच्याही पुढचं असतं. तेव्हा हा आकडा काय आहे ते आज जरा नीट पाहू. आणि हेही पाहू की खोक्यावर ठळक छापलेल्या या आकड्यापेक्षा बारीक टायपात दडलेला दुसरा एक आकडा जास्त कामाचा का आहे.

पडद्यावर हलणारं चित्र खरं म्हणजे हलत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं दाखवली जातात आणि हालचाल आपला मेंदू जोडतो. थिएटरमधल्या सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. आपल्या जुन्या दूरदर्शनवर सेकंदाला २५ चित्रं यायची, तीही अर्धी-अर्धी करून ५० वेळा, कारण आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो आणि टीव्हीची घडी त्याच्याशी जुळवून बसवली होती. अमेरिकेत विजेची आवर्तनं ६०, म्हणून तिथला टीव्हीही ६० चा. कॉम्प्युटरच्या पडद्याने हा साठाचा आकडा उचलला आणि तो आजतागायत चालत आला. साधा ऑफिसातला मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. यालाच रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. १४४ हर्ट्झचा पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. 'शकतो' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जास्त वेळा चित्र बदलल्याने फायदा होतो का? होतो, आणि डोळ्यांना स्पष्ट दिसतो. समजा पडद्यावर एखादी गाडी सेकंदाला ९६० ठिपके या वेगाने धावते आहे. ६० हर्ट्झवर ती दर चित्राला १६ ठिपक्यांची उडी मारते, आणि आपली नजर तिच्यामागे सरकत असल्याने ती तेवढीच पुसट दिसते. १२० वर उडी ८ ठिपक्यांची, २४० वर ४ ठिपक्यांची. चित्र रेखीव होत जातं. शिवाय माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळही कमी होतो.

पण इथेच एक हिशेब मांडला पाहिजे. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमधलं अंतर १६.७ मिलिसेकंद असतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. १४४ वर ते ६.९ होतं, म्हणजे जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचले. १४४ वरून २४० वर गेलात तर वाचतात पावणेतीन. २४० वरून ३६० वर गेलात तर दीडपेक्षाही कमी. आकडा तेवढ्याच दिमाखाने वाढतो, पदरात मात्र कमी-कमी पडत जातं. पहिली उडी कुणालाही जाणवते. पुढच्या उड्या स्पर्धेत उतरणाऱ्या सराईत खेळाडूला जाणवतात, बाकीच्यांना बहुधा खोक्यावर वाचूनच कळतात.

आता खरी गोम. मॉनिटर चित्र तयार करत नाही, तो फक्त दाखवतो. चित्र तयार करतं कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड. गेममधलं प्रत्येक चित्र त्या क्षणी आकडेमोड करून रंगवावं लागतं. समोर नुसती भिंत असेल तर ते झटकन तयार होतं. त्याच भिंतीआडून स्फोट झाला, धूर आला, दहा माणसं पळत सुटली, की तेच काम कार्डाला दुप्पट-तिप्पट वेळ घेतं. म्हणजे पडद्याचा ताल ठरलेला आणि कार्डाचा ताल दर क्षणाला बदलणारा. तबलजी एका लयीत आणि गायक दुसऱ्याच, असा हा प्रकार.

याने काय होतं? एखादा रंगारी दुकानाची पाटी वरून खाली रंगवत येतोय, आणि अर्ध्यावर आल्यावर मालकाने हातातला नमुना काढून दुसरा दिला, अशी कल्पना करा. पाटीचा वरचा भाग जुन्या नमुन्याचा, खालचा नव्या. पडद्याचंही तसंच होतं. चित्र वरून खाली उतरत असताना कार्डाने नवं चित्र पुढे केलं की मध्येच एक आडवी चीर दिसते. झाडाचा बुंधा एकीकडे, शेंडा दुसरीकडे. याला टेअरिंग म्हणतात, म्हणजे फाटणं. एकदा दिसू लागलं की डोळा तेच शोधत बसतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे व्ही-सिंक. कार्डाला ताकीद द्यायची की पडद्याचं आधीचं चित्र पुरतं उतरल्याशिवाय नवं पुढे करायचं नाही. ही झाली एसटीची पद्धत. गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटणार. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी एक गाडी. कार्डाला चित्र तयार करायला १६ लागले तर गाडी मिळाली. १७ लागले तर? गाडी डोळ्यांदेखत गेली, आता पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर थांबा. म्हणजे उशीर झाला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी, पण चित्र पोचलं ३३ मिलिसेकंदांनी. सेकंदाला ६० चित्रं चाललेली असताना एकदम ३० वर घसरण. चीर गेली, पण खेळ अडखळायला लागला, आणि हातातला माउस जड झाल्यासारखा वाटू लागला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वेळापत्रक हवंच कशाला? जुन्या काचेच्या फुगीर पडद्यात ते आवश्यक होतं. तिथे किरण सतत फिरत राहिला नाही तर चित्र विझायचं. आजच्या एलसीडी पडद्याला ती सक्ती नाही. एकदा दिलेलं चित्र दुसरं येईपर्यंत तो धरून ठेवतो. साठाचा ठोका ही गरज संपल्यावरही उरलेली सवय होती. लॅपटॉपमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याचा वेग कमी-जास्त करण्याची सोय आधीपासून होतीच. तीच गेमसाठी वापरायची, पडद्याने कार्डाची वाट पाहायची, चित्र तयार झालं की लगेच दाखवायचं. ही एसटी नव्हे, ही वडाप. माणसं आली की जीप निघाली. यालाच अॅडॅप्टिव्ह सिंक म्हणतात. पडद्याचा ताल कार्डाच्या तालावर चालतो, म्हणून चीरही नाही आणि अडखळणंही कमी.

एनव्हिडिया या कंपनीने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जी-सिंक नावाने हे तंत्र जाहीर केलं. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा खास इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवावा लागे आणि त्यापायी मॉनिटर चांगलाच महाग पडे. २०१४ मध्ये व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिस्प्लेपोर्टच्या मानकात अॅडॅप्टिव्ह सिंकचा समावेश केला. त्याच पायावर एएमडी कंपनीचं फ्रीसिंक उभं राहिलं, आणि तसे मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. पुढची चार वर्षं ग्राहकाची पंचाईत होती. कार्ड एका कंपनीचं आणि मॉनिटर दुसऱ्या गटातला असला की सगळी सोय बंद. २०१९ च्या जानेवारीत एनव्हिडियाने आपली कार्डं अॅडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरवर चालतील असं जाहीर केलं आणि ही तटबंदी बरीचशी ढासळली. आज खोक्यावर फ्रीसिंक लिहिलेला मॉनिटर एनव्हिडियाच्या कार्डावरही बहुधा नीट चालतो. कार्ड दहाव्या मालिकेतलं किंवा त्यानंतरचं हवं आणि जोडणी डिस्प्लेपोर्टने हवी, एवढंच. जुना मॉनिटर सेकंडहँड घेणाऱ्यांनी मात्र जपावं. त्या पहिल्या काळातले खास बोर्डवाले जी-सिंक मॉनिटर एएमडीच्या कार्डाला सहसा ही साथ देत नाहीत.

आता त्या दडलेल्या आकड्याकडे येऊ. वडापवाला थांबतो, पण किती वेळ? आणि एक फेरी करून परत येईपर्यंत दुसरी फेरी तर करू शकत नाही. प्रत्येक पडद्याची अशी खालची आणि वरची मर्यादा असते. ती '४८ ते १४४' अशी लिहिलेली असते. कधी खोक्यावर, बहुतेकदा कंपनीच्या माहितीपत्रकात अगदी खाली. कार्ड सेकंदाला ४८ ते १४४ च्या दरम्यान चित्रं देत असेल तोवर दोघांची संगत जमते. वरचा आकडा सगळे सांगतात. खालचा कुणी सांगत नाही, विचारावा लागतो. आणि गंमत अशी की मदतीची गरज खालीच असते. कार्ड सेकंदाला १३० चित्रं देत असताना सगळं छानच दिसत असतं. हाल होतात ते ४०-५० ला.

कार्ड ४८ च्याही खाली गेलं तर? चांगल्या मॉनिटरवर एक युक्ती चालते. कार्ड ४० चित्रं देत असेल तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. पडदा ८० वर चालतो, ८० हा आकडा ४८ आणि १४४ च्या मध्ये आहे, काम झालं. पण एखाद्या स्वस्त मॉनिटरची मर्यादा '४८ ते ७५' अशी असेल, तर ४० ची दुप्पट ८० होते आणि ती ७५ च्या पलीकडे जाते. युक्ती चालत नाही, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी पडदा पुन्हा जुन्या वळणावर जातो. म्हणून साधा हिशेब करावा. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त हवा, अडीचपट असेल तर उत्तम. ४८ आणि १४४ म्हणजे तिप्पट. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर 'अॅडॅप्टिव्ह सिंक' असं झळकत असलं तरी त्या अक्षरांपायी जादा पैसे देऊ नयेत, असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न घरी विचारायचा आहे, दुकानात नाही. आपलं कार्ड किती चित्रं देतं? मुलगा व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळत असेल तर साध्या कार्डावरही दीडशेच्या पुढे चित्रं मिळतात, तिथे वेगवान पडद्याचं चीज होतं. तोच मुलगा सायबरपंक २०७७ सारखा भरजरी गेम सगळी सजावट चढवून खेळत असेल, तर मध्यम किमतीचं कार्ड पन्नास-साठच्या घरात दमतं. त्याला २४० हर्ट्झचा पडदा दिला तरी पडदा साठच दाखवणार. असले आकडे पाहायची सोय बहुतेक गेममध्येच असते. मुलाला सांगा, आठवडाभर पाहून कागदावर लिहून दे. सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही लिही म्हणावं. हा कागद दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पडदा किती बारीक ठिपक्यांचा घ्यायचा हेही या कागदावरूनच ठरतं. फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, म्हणजे कार्डाला तेवढंच जास्त काम. बेताचं कार्ड आणि फोर-केचा पडदा ही जोडी गेमसाठी जमत नाही. फुल एचडी घ्यायचा तर २४ इंची घ्यावा. २७ इंचावर फुल एचडीचे ठिपके ढोबळ दिसतात. तिथे मधला, २५६० बाय १४४० चा पडदा चांगला, आणि त्याला त्या ताकदीचं कार्ड हवं.

आता पॅनेलचे प्रकार. आयपीएस हा सर्वसाधारण घराला सोयीचा. रंग चांगले, बाजूने पाहिलं तरी बिघडत नाहीत, फक्त काळा रंग थोडा राखाडी वाटतो. व्हीए पॅनेलचा काळा खरोखर गडद असतो, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे शाईसारखा ओघळ दिसतो. ओलेड या सगळ्यांत देखणा आणि वेगवान, पण महाग. शिवाय त्यावर एकच चित्र वर्षानुवर्षं तासन्‌तास राहिलं तर त्याचा ठसा उमटण्याची भीती असते. ज्या घरात दिवसा त्याच मॉनिटरवर हिशेबाचे तक्ते उघडे असतात आणि रात्री गेम चालतो, तिथे मी ओलेडचा आग्रह धरणार नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. अॅडॅप्टिव्ह सिंक चालू असताना कार्डाचा वेग एकदम वर-खाली झाला तर व्हीए आणि ओलेड पडद्यांवर अंधाऱ्या दृश्यात उजेड लुकलुकतो. सगळ्यांवर नाही, सगळ्यांना जाणवतोही असं नाही. पण घेण्यापूर्वी चालू मॉनिटरवर एखादं काळोखं दृश्य लावून पाहायला काय हरकत आहे?

खोक्यावरचं '१ एमएस' हे आणखी एक प्रकरण. एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला ठिपक्याला लागणारा वेळ, असा त्याचा अर्थ अपेक्षित असतो. पण तो आकडा पुष्कळदा ठिपक्याला सर्वांत जोराचा धक्का देऊन मिळवलेला असतो, आणि त्या सेटिंगवर वस्तूंभोवती पांढुरकी कडा दिसू लागते. कधी तो मागचा दिवा उघडझाप करून मिळवलेला असतो. त्याने पडदा अंधुक होतो आणि बऱ्याच मॉनिटरवर ती सोय अॅडॅप्टिव्ह सिंकबरोबर चालतच नाही. म्हणजे खोक्यावरचे दोन गुण एकाच वेळी मिळत नाहीत. सर्वच कंपन्या '१' लिहितात, तेव्हा त्या आकड्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा व्हेसाने २०२२ पासून सुरू केलेलं अॅडॅप्टिव्ह सिंक डिस्प्लेचं बोधचिन्ह आहे का ते पाहावं. त्यासाठी मॉनिटर कारखान्यातून निघालेल्या मूळ सेटिंगवरच तपासला जातो. चिन्ह नसलेला मॉनिटर वाईट असतो असं नाही, पण असलं तर तेवढीच खात्री.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांसाठी हिशेब थोडा वेगळा. ही यंत्रं एचडीएमआयने जोडतात आणि १२० च्या वर जात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी २४० हर्ट्झ घेणं व्यर्थ. प्लेस्टेशन ५ ला ही बदलत्या वेगाची सोय एप्रिल २०२२ मध्ये मिळाली, आणि त्याला एचडीएमआय २.१ मधली 'व्हीआरआर' हीच पद्धत चालते. नुसतं फ्रीसिंक लिहिलेला मॉनिटर तिथे उपयोगाचा नाही. ही अक्षरं तपासूनच पैसे द्यावेत.

मॉनिटर घरी आला, मुलगा खूश झाला, आणि वर्षभर तो साठवरच चालत राहिला, असंही होतं. विंडोजमध्ये नवा मॉनिटर बऱ्याचदा साठवरच चालू होतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे जाऊन आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो. तिथे १४४ दिसतच नसेल तर केबलकडे पाहा. जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल नव्याला लावलेली असते, किंवा मॉनिटरच्या त्या खाचेलाच तेवढा वेग पेलत नसतो. खोक्यात आलेली डिस्प्लेपोर्टची केबल वापरावी. आणि केबलचं दुसरं टोक ग्राफिक्स कार्डाच्याच खाचेत हवं. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डाची तशीच खाच असते आणि घाईत केबल तिथे जाते. मग महागडं कार्ड आत असूनही पडद्याशी त्याचा थेट संबंध राहत नाही.

यानंतर मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूत अॅडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक 'ऑन' करायचं, आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही ते चालू आहे ना पाहायचं. दोन्हीकडे चालू असल्याशिवाय काही होत नाही. शेवटची एक खुबी सरावलेले खेळाडू वापरतात. कार्डाने पडद्याच्या वरच्या मर्यादेच्या पलीकडे उडी मारली की संगत पुन्हा सुटते. म्हणून गेममध्ये चित्रांची कमाल संख्या मर्यादेच्या किंचित खाली बांधून ठेवायची. १४४ च्या पडद्यावर १४१, १६५ च्या पडद्यावर १६२. पंखेही थोडे शांत होतात आणि विजेचं बिलही थोडं हलकं होतं.